किल्ली मागितली, परिसंवाद मिळाला

नाही, पण मला एक सांगा, मी मागितलं काय होतं? किल्ली! साधी किल्ली! घराची नाही, गाडीची नाही, तिजोरीची तर नाहीच नाही... आणि मिळालं काय? परिसंवाद! स्टेजवर खुर्च्या, खुर्च्यांवर वक्ते, मागे बॅनर, बॅनरवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत 'आपल्यात लिंगभेद उरला आहे का?' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'चहापानाची व्यवस्था आहे.' आता व्यवस्था आहे म्हणजे कोण आहे, ते तुमच्या लक्षात आलंच असेल! हसा, हसा. मी भांडत नाहीये हं, आधीच सांगते. माझा आवाजच असा आहे, चिंचवडचा, कारखान्याच्या भोंग्यावरून हाका मारत मोठी झालेय मी. भांडत नाहीये, मला फक्त समजून घ्यायचंय.

मी श्यामला. माहेर चिंचवडचं, आता बंगळूरला जे. पी. नगरात. नोकरी म्हणाल तर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची. नंदू, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की तू घरी आल्यावरही ओव्हरटाइम करतेस... असो, त्याचं नंतर. तर रविवारी मी जाते आमच्या गटात. गटाचं नाव 'नीरु'. नीरु म्हणजे कन्नडात पाणी. निम्मे लोक काँप्युटरवाले, निम्मे चळवळवाले, तळी वाचवणारे. आता तुम्ही बंगळूरला पावसात कधी अडकलायत का? रस्ता कुठे संपला आणि तळं कुठे सुरू झालं, ते तळ्यालाही सांगता येत नाही! म्हणून आम्ही काय केलं, एक नकाशा केला. लोक फोनवरून कळवतात, 'इथे गुडघाभर पाणी आहे', की लगेच नकाशावर ती जागा रंगते, आणि बाकीचे दुसऱ्या वाटेने जातात. फुकट. कोणीही वापरा, कोणीही सुधारा. आहे की नाही चांगलं काम? माझा जीव आहे हो त्या नकाशावर. खोटं कशाला बोलू.

आणि आमच्यात साहेब कोणी नाही! सगळे समान! अध्यक्ष नाही, सेक्रेटरी नाही, कामं वाटून देणारं कोणी नाही. नियम एकच, भिंतीवर निळ्या रंगात रंगवलेला, 'ज्याला दिसलं त्यानं करायचं.' किती सुंदर, नाही? पहिल्या दिवशी तो वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. ऑफिसात दिवा बदलायचा तर तीन जणांना ईमेल, आणि इथे, दिसलं? करून टाक! मी म्हटलं, हीच आपली माणसं. आणि मग तुम्हाला सांगते, मला दिसायलाच लागलं! पाण्याचा कॅन रिकामा, दिसलं. एक्स्टेन्शन बोर्ड कोणी आणला नाही, दिसलं. नवीन मुलगी दारात चप्पल काढू की घालू करत उभी आहे, दिसलं. मीटिंगमध्ये ठरलेलं कोणी लिहून घेत नाहीये, दिसलं. नकाशा पुलाखालचा रस्ता पुलावर दाखवतोय, तेही दिसलं, बसून सगळा प्रोग्राम उसवला आणि पुन्हा शिवला.

आणि शार्दूलला काय दिसतं? शार्दूल म्हणजे ज्याने गट सुरू केला तो, पुण्याचाच, दाढी, झोळी, आणि बोलणं असं की त्याने पत्ता विचारला तरी वाटतं, काहीतरी गहन चाललंय. त्याला दिसतं भविष्य! डोळे मिटतो आणि म्हणतो, "श्यामला, मला ना... पाच वर्षांनंतरचं शहर दिसतंय." आता ज्याला पाच वर्षांनंतरचं शहर दिसतं, त्याला पाच फुटांवरचा कॅन का दिसू नये? डोळ्यांचा काही प्रकार असेल का? लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही, असतं ना तसं? मी खरंच विचारतेय! नंदूलाही आहे तसलंच काहीतरी. चेंडू बॅटला लागला की पॅडला, हे सोफ्यावरून अचूक दिसतं, आणि दूध उतू चाललेलं तीन हातांवरून दिसत नाही.

म्हणून मी प्रयोग केला. हो, प्रयोग! एका रविवारी ठरवलं, आज कॅन बघायचाच नाही. कॅनकडे पाठ करून बसले. तास झाला, लोक येतायत, नळ दाबतायत, ठुक् ठुक् करतायत, परत जागेवर जाऊन बसतायत. कोणी काही बोलत नाही. दुपारपर्यंत सगळ्यांचे ओठ सुकलेले. शेवटी शार्दूल उठला. मला वाटलं, दिसला! दिसला एकदाचा! तो म्हणाला, "मित्रांनो, आपल्याकडे पाण्याची सिस्टिम नाहीये." आणि तनयने... तनय म्हणजे आमचा नागपूरचा नवा मुलगा, नोकरीला लागून वर्षही झालं नसेल, हुशार, लाघवी, मला ताई म्हणतो... तनयने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला आणि एक अ‍ॅप केलं! कॅन रिकामा झाला की फोनवर टिंग वाजणार. सगळे खूश. आणि ते टिंग कोणाच्या फोनवर वाजणार?... अगदी बरोबर. मी भांडले का? नाही. मला फक्त समजून घ्यायचं होतं, की प्रोग्राममध्ये माझाच नंबर का घातला? तनय म्हणाला, "ताई, दुसऱ्या कोणाचा घालणार होतो?" त्याच्या चेहऱ्यावर एवढा निरागस प्रश्न होता ना, की मीच सॉरी म्हटलं.

आता किल्ली. किल्ली म्हणजे काय, तर कोणीही प्रोग्राम लिहिला तरी तो थेट खऱ्या नकाशात जात नाही. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याने बघायचं, आणि 'मंजूर' हे हिरवं बटन दाबायचं. तेव्हा तो आत जातो. बरोबरच आहे, उद्या कोणीही उठून तळं पुसून टाकेल. तर किल्ल्या तीन. एक शार्दूलकडे. एक महांतेशकडे, हे निपाणीकडचे, चळवळीतले जुने गडी, तळ्यासाठी उपोषणं केलेले, माणूस सोन्यासारखा, पण प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नाही. त्यांना किल्ली 'चळवळीचा प्रतिनिधी' म्हणून. त्यांचा काँप्युटर एकच, घरचा. माझा प्रोग्राम मंजूर करायचा असला की मी त्यांना संध्याकाळी फोन करायची, "महांतेशअण्णा, ते हिरवं बटन दाबायचं." ते म्हणायचे, "थांबा हं अक्का..." मग पलीकडे जरा भांड्यांचा आवाज, कुजबूज, आणि, "झालं बघा!" म्हणजे माझा प्रोग्राम, चूक मी शोधली, दुरुस्त मी केली, मंजूर कसा करायचा तेही मीच सांगितलं... आणि खाली नाव, 'मंजुरी : महांतेश'.

आणि तिसरी किल्ली परवा दिली. कोणाला? तनयला!

मला राग आला का? आला. खोटं का बोलू, रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. मला फार लागलं हो ते. पण राग आला की मी प्रश्न विचारते, हा माझा धंदाच आहे. मी म्हटलं, असं असेल का की तनय माझ्याहून हुशार आहे? असेल बाई. असं असेल का की मी हळू आहे? की मला जास्त बोलायची सवय आहे? की हा लिंगभेद आहे, की नुसता वेंधळेपणा आहे? कसं ओळखायचं? चूक नेमकी कुठे आहे ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून मी थेट तनयलाच विचारलं, "अरे, तुला किल्ली कशी मिळाली?" तो म्हणाला, "ताई, मलाही नीट कळलं नाही. शार्दूलदादा आणि मी पहाटे सायकलवरून नंदी हिल्सला गेलो होतो, वर इडली खात होतो, तर तो म्हणाला, चल, तुलाही देऊन टाकतो." बघा! म्हणजे मागायची जागा गटात नव्हतीच, नंदी हिल्सला होती! आणि पहाटे मी कुठे असते? डबे भरत असते! मला त्या डोंगरावर कोणी ये म्हटलं नाही, आणि येऊ नको असंही कोणी म्हटलं नाही. आता हा लिंगभेद म्हणायचा, का सायकलभेद?

मग मी शार्दूलकडे गेले. सरळ म्हटलं, "शार्दूल, मला किल्ली देशील का? हो की नाही?" त्याने डोळे मिटले. मी म्हटलं, झालं, आता भविष्य. तो म्हणाला, "श्यामला, तू फार मोठा प्रश्न विचारलायस."

"अरे, मोठा कुठे? हो की नाही, एवढाच आहे."

"नाही, नाही. याच्यामागे स्ट्रक्चर आहे. हा एका किल्लीचा प्रश्नच नाही. आपण एकट्या श्यामलाला किल्ली देऊन मूळ मुद्दा दाबून टाकायचा का?"

मी म्हटलं, दाबा! दाबून टाका! माझी काही हरकत नाही! पण नाही. पुढच्याच मीटिंगमध्ये ठरलं, परिसंवाद घ्यायचा. विषय, तंत्रज्ञान आणि चळवळीत लिंगभेद उरलाय का. महांतेशअण्णा लगेच म्हणाले, "हे बघा अक्का, आमच्या चळवळीत तसलं काय बी न्हाई. मोर्चात आम्ही बायकास्नी कायम पुढं ठिवतोय."

मी म्हटलं, "वा! का हो?"

"पोलीस बायकास्नी मारत न्हाईत न्हवं!"

बरं, परिसंवाद म्हटला की हॉल पाहिजे, माईक पाहिजे, खुर्च्या पाहिजेत. हे कोणाला दिसलं? जाऊ दे.

आता त्याच आठवड्यात काय झालं ते लक्ष देऊन ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्या नकाशात पाणी तुंबलेली जागा लाल दिसायची, आणि कोरडा रस्ता हिरवा. लाल दिसलं की जाऊ नका, हिरवं दिसलं की जा, शेंबड्या पोरालाही कळतं! पण चळवळवाल्यांनी हरकत घेतली. पाणी लाल का? पाणी काय आपला शत्रू आहे? पाणी हे जीवन आहे! तळी पुन्हा आपली जागा मागतायत, आणि तुम्ही त्यांना लाल रंग देता? शार्दूलच्या डोळ्यांत पाणी! तर ठरलं, पाणी हिरवं, आणि कोरडं ते लाल, कारण कोरडं म्हणजे दुष्काळ. तनयने रंग उलटे केले, स्वतःच्याच किल्लीने मंजूर केले. मी खाली लिहिलं, 'अरे, लोक हिरव्यात गाडी घालतील!' त्यावर तनयने एक अंगठा पाठवला. मी रंग परत सरळ करणारी एक ओळ लिहून पाठवली. एक ओळ! ती मंजुरीसाठी पडून राहिली, कारण किल्लीवाले सगळे लिंगभेदाच्या तयारीत.

आणि उजाडला परिसंवादाचा रविवार. हॉल भरलेला. स्टेजवर शार्दूल, तनय, महांतेशअण्णा, आणि मधे एक रिकामी खुर्ची, भाग्यलक्ष्मी मॅडमची. या मुख्य पाहुण्या. इथल्याच, बंगळूरच्या शिवाजीनगरला राहतात, वय सत्तरीच्या घरात, सगळं आयुष्य कामगार बायकांच्या संघटनेत गेलेलं. पीण्या म्हणून इथली कारखान्यांची वसाहत आहे, तिथल्या एका कारखान्यात बायकांसाठी संडास मिळावेत म्हणून लढलेल्या बाई. मला फार उत्सुकता होती हो, म्हटलं, आपल्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडे असेल तर यांच्याकडे. आणि तेवढ्यात पाऊस! बंगळूरचा संध्याकाळचा पाऊस, विचारून येतो का तो? धो धो धो! आणि मॅडमचा फोन कोणाला? मला. कारण बोलावणं पाठवायचं राहिलंय, हे कोणाला दिसलं होतं? त्या कन्नडात म्हणाल्या, "अम्मा, रिक्षावाला तुमच्याच नकाशावरून येत होता. हिरवं हिरवं बघत आला. आता आम्ही पुलाखाली आहोत. पाणी सीटपर्यंत आलंय. तो म्हणतो, अजून पुढे तर जास्तच हिरवं आहे."

म्हणजे गावभर लोक आमचा हिरवा बघून पाण्यात घुसतायत! म्हातारी बाई रिक्षात बुडतेय! आणि दुरुस्ती माझ्या लॅपटॉपमध्ये, एक ओळ, तयार, फक्त एक बटन! मी स्टेजखाली धावले, लॅपटॉप उंच धरला, "शार्दूल! शार्दूल! मंजूर कर!" शार्दूल बोलत होता, 'स्त्रियांचा आवाज ऐकण्याची गरज' यावर. त्याने हातानेच मला सांगितलं, थांब. मग खाली वाकून म्हणाला, "मॅडम आल्या नाहीत ना? पॅनेलवर एक तरी बाई पाहिजे. तू बस ना पटकन." आणि बसवलं मला! समोर पाटी, 'भाग्यलक्ष्मी'. पाटी बदलायलाही वेळ नव्हता. आणि माईक हातात देऊन म्हणाला, "सांग, तुझ्या मते लिंगभेद उरलाय का?"

मी म्हटलं, "ते राहू दे! आधी हे मंजूर कर!"

मग हळूहळू सगळ्यांचे हात वर गेले आणि बोटं हलायला लागली. आमच्यात टाळ्या वाजवत नाहीत, टाळ्यांत हिंसा असते म्हणे, हात वर करून बोटं हलवायची. सगळा हॉल बोटं हलवतोय! मागून एक मुलगा म्हणतो, "काय प्रतिमा आहे! मंजूर कर!" मी ओरडले, "अरे, प्रतिमा नाही! पाणी आहे! बायका पाण्यात आहेत!" बोटं आणखी जोरात! एकीने तर डोळे पुसले! शार्दूल म्हणाला, "हे दुःख आपण सगळ्यांनी दोन मिनिटं शांतपणे अनुभवूया." आणि डोळे मिटले! सगळ्यांनी! तनयनेसुद्धा! मी त्याला कोपराने ढोसतेय, तर तो अजून घट्ट मिटतोय, त्याला वाटलं, मी भावनावश झालेय.

काय करणार? म्हटलं, आता उरली एकच किल्ली. महांतेशअण्णा तर माईक धरून डोळे मिटून बसलेले, पण त्यांचा काँप्युटर घरी, आणि घरी त्यांच्या बायको, गंगव्वा. स्टेजवरच टेबलाखाली वाकले आणि फोन लावला. "गंगव्वाक्का, श्यामला बोलतेय, जरा अण्णांच्या काँप्युटरवर..."

"बोला की अक्का, तव्यावर भाकरी हाय, लगीच सांगा."

"ते हिरवं बटन आहे ना..."

"न्हेमीचंच न्हवं? दाबलं बघा."

आणि नकाशा सरळ! लाल ते लाल, हिरवं ते हिरवं! मी टेबलाखालून वर आले, जीव भांड्यात पडला... आणि मग माझ्या डोक्यात ते वाजलं. न्हेमीचंच? नेहमीचंच म्हणजे काय?

दोन मिनिटं संपली, सगळ्यांनी डोळे उघडले. तनयने फोन बघितला आणि ओरडला, "अरे! नकाशात मोठी चूक होती, गाड्या अडकत होत्या, आणि कोणीतरी आत्ता दुरुस्त केली! मंजुरी... महांतेशअण्णा!" बोटं! इतकी बोटं की वारा सुटला! शार्दूल म्हणाला, "बघा, हा खरा कार्यकर्ता! स्टेजवर बसल्या बसल्या!" महांतेशअण्णा आधी हसले, नमस्कार केला, मग जरा थबकले, स्वतःच्या हातांकडे बघितलं. आणि तुम्हाला सांगते, म्हणून मला हा माणूस आवडतो. माईक घेतला आणि म्हणाले, "खरं सांगू काय, म्या काय बी केल्यालं न्हाई. माजं डोळं बी मिटल्यालं हुतं की." आणि सगळ्यांसमोर घरी फोन लावला, स्पीकरवर. "काय गं, बटन कुणी दाबलं?"

"मीच की री! श्यामलाक्कानी सांगितलं, मी दाबलं. न्हेमी मीच दाबत्ये न्हवं? तुमास्नी चष्मा घावतोय कुठं! आनि मला जे पटत न्हाई ते मी इच्चारून घ्येते, तसंच न्हाई दाबत. ठिवू काय? भाकरी करपाय लागली."

म्हणजे एवढे दिवस माझे प्रोग्राम कोण मंजूर करत होतं? गंगव्वा! आणि मला आठवलं हो, महांतेशअण्णा मधूनच विचारायचे, "अक्का, हे केल्यावर आमच्या गल्लीचं काय हुतंय?" आणि मी मनात म्हणायची, वा, अण्णांना किती बारकाईने विचारता येतं! त्या क्षणी मला रडूही आलं आणि हसूही आलं. एवढ्या लांब, भाकरी थापता थापता, कोणीतरी माझं काम वाचत होतं. मला वाटत होतं, कोणीच वाचत नाही.

म्हटलं, आता! आता तरी कळेल यांना! शार्दूल उठला. चेहरा असा उजळलेला. आणि म्हणाला... अहो, ऐका हो, काय म्हणाला... "मित्रांनो, आपल्याला उत्तर मिळालं! तीन किल्ल्यांपैकी एक किल्ली पहिल्यापासून एका स्त्रीच्या हातात होती! आपल्यात लिंगभेद नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?"

बोटं! बोटं! बोटं!

आणि तनय बिचारा खरं बोलला, "पण दादा, दुसऱ्याच्या पासवर्डने दाबणं सुरक्षेच्या दृष्टीने चुकीचं आहे ना?" हेही बरोबर! मग तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. म्हणजे एका मिनिटापूर्वी गंगव्वा आमच्या समानतेचा पुरावा, आणि दुसऱ्या मिनिटाला सुरक्षेला धोका! मी भांडले का? नाही. मी हात वर केला आणि म्हटलं, मला फक्त समजून घ्यायचंय, मग आता स्त्रीच्या हातात किल्ल्या किती? शार्दूल म्हणाला, "श्यामला, आकड्यांत अडकू नकोस."

तेवढ्यात दारात भाग्यलक्ष्मी मॅडम. निथळत होत्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, एका हातात चपला, मागे रिक्षावाला त्यांची पिशवी डोक्यावर घेऊन. सगळे उभे राहिले. त्या सरळ माझ्यापाशी आल्या, स्वतःच्या नावाच्या पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बाजूला बसल्या. मी हळूच कानात सगळं सांगितलं. किल्ली, नंदी हिल्स, गंगव्वा, सगळं. आणि विचारलं, "मॅडम, तुम्हीच सांगा, हा लिंगभेद आहे का?" त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "तुला किल्ली हवी होती. आम्हाला संडास हवे होते. मालकांनीही आधी परिसंवादच ठेवला होता."

"मग? संडास मिळाले का?"

"मिळाले ना."

"कधी?"

त्यांनी पदर पिळला आणि म्हणाल्या, "आधी चहा दे, अम्मा. त्याला वेळ लागेल सांगायला."

शेवटी ठराव झाला. सर्वानुमते. 'आपल्यात लिंगभेद नाही; तथापि जो थोडासा आहे तो दूर करण्यासाठी एक समिती नेमावी.' समितीवर कोण? सगळे एकमेकांकडे बघतायत. महांतेशअण्णा अगदी प्रेमाने म्हणाले, "अक्का, आपल्यातला लिंगभेद पैल्यांदा कुणाला दिसला?" मी म्हटलं, "मला." आणि तुम्हाला सांगते, सगळा हॉल माझ्याकडे वळला, आणि एका सुरात, शाळेत पाढे म्हणतात तसा, "ज्याला दिसलं त्यानं करायचं!"

तर आता समिती म्हणजे मी. नंदू म्हणाला, "अगं, अभिनंदन! दूध उतू गेलंय बघ." म्हटलं ठीक आहे, समिती तर समिती. सरी, कन्नडात ठीक आहेला म्हणतात तसं. बसले, नियम लिहिले. नंदी हिल्सला किल्ल्या वाटायच्या नाहीत, किल्ली हवी त्याने सगळ्यांसमोर मागायची, आणि मिळाली नाही तर का नाही ते सांगायचं. श्यामलाला एक किल्ली द्यावी. गंगव्वाला तिची स्वतःची द्यावी, तिच्या नावाची. मला फार वाटतं हो, तिच्या नावाने एकदा 'मंजुरी : गंगव्वा' असं उमटलं पाहिजे. लिहिलं, आणि गटाच्या पानावर चढवायला पाठवलं. आता तिथे काय दिसतंय, सांगू? 'मंजुरीच्या प्रतीक्षेत.' शार्दूल परगावी गेलाय, 'आमच्या गटातला समानतेचा प्रयोग' या विषयावर भाषण द्यायला. तनय पुन्हा डोंगरावर. आणि महांतेशअण्णांचा काल फोन आला, "अक्का, नवा पासवर्ड इसरलो की वो. तुमास्नी काय म्हाईत हाय काय?"

तेव्हा भांडत नाहीये मी. खरंच नाही. उरलाय की नाही उरला, मला अजूनही फक्त समजून घ्यायचंय... हं, घसा सुकला बोलून बोलून. इथे हा तांब्या ठेवलाय ना, तो... रिकामाच आहे. मघापासून तुमच्यासमोर आहे हा, इतकी मंडळी बसलीयत, कोणाला दिसला का?... नाही?... बसा, बसा, उठू नका.

दिसला मला.